आधी ओझं उतरवलं, मग दुरुस्ती: एका जुन्या दगडी ऑफिस इमारतीची अडीच वर्षं

ऑक्टोबर 2023. तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात छताचा एक तुकडा पडला. ताटाएवढा, इंचभर जाड, वजन साडेतीन किलो. जेवणाची वेळ, त्यामुळे खाली कोणी नव्हतं. तुकडा उलटा केला तर आतल्या अंगाला सळीचा तांबडा वळ उमटलेला. तिथपासून फेब्रुवारी 2026 मध्ये शेवटची परांची उतरली तिथपर्यंतचा हा हिशेब आहे. हेरिटेज यादीतली जुनी इमारत, आत चालू ऑफिसं आणि डोक्यावर गळणारा स्लॅब अशा अवस्थेत जे असतील त्यांना निदान कामाचा क्रम कळावा म्हणून लिहून ठेवतोय.

इमारत कोल्हापुरातली, लक्ष्मीपुरीच्या बाजूची, संस्थानकाळातली. तळमजला आणि वर चार मजले. आज ही उंची कोणाच्या खिजगणतीत नाही, पण बांधली तेव्हा आसपास एवढं उंच काही नव्हतं. बाहेरच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट जाड, चुन्यात बांधलेल्या. आत मात्र आरसीसी: दहा खांब, तुळया आणि स्लॅब. लांबीत सहा खण, म्हणजे खांबांच्या ओळींमधले सहा भाग. एका मजल्याचं क्षेत्र 390 चौरस मीटर, सगळं मिळून साधारण 21,000 चौरस फूट. गाळे 28, वकील, सीए, विमा, झेरॉक्सवाले, दोन दवाखाने. हेरिटेज यादीत श्रेणी 2.

श्रेणीचा अर्थ सुरुवातीलाच समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर ठरतं. श्रेणी 1 मध्ये इमारत टिकवण्यासाठी अत्यावश्यक असेल तेवढंच करता येतं, आतही आणि बाहेरही. श्रेणी 2 मध्ये आतले बदल बहुतेक मान्य होतात, बाहेरचा प्रत्येक बदल तपासला जातो. श्रेणी 3 त्याहून सैल. आम्हाला आत खांब जाड करायचे होते, ते श्रेणी 1 मध्ये याच पद्धतीनं जमलं नसतं.

स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करायचंच होतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. बरेच जण नुसत्या डोळ्यांनी पाहून दिलेल्या दोन पानांवर भागवतात. आम्ही चाचण्यांसह ऑडिट घेतलं: 2 लाख 10 हजार रुपये, वर 18 टक्के जीएसटी. नोव्हेंबर आणि डिसेंबर त्यात गेले.

चाचण्या पाच झाल्या आणि त्यातल्या दोन एकमेकींशी भांडत होत्या. पृष्ठभागावर ठोकून पाहणाऱ्या रिबाउंड हॅमरनं काँक्रीटची ताकद चौरस मिलीमीटरला 25 न्यूटनच्या आसपास दाखवली. खांब-तुळयांतून काढलेल्या सहा कोअरची (यंत्रानं कापून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे) सरासरी मात्र 14 च्या खाली आली. यात गूढ काही नाही. जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरत राहतो, त्यामुळे वरचा पापुद्रा कडक होतो आणि हॅमर त्या पापुद्र्यालाच ठोकतो. जुन्या इमारतीत कोणी केवळ हॅमरच्या आकड्यावर 'काँक्रीट उत्तम' म्हणून लिहून देत असेल तर कोअर मागा. कोअर काढण्याआधी सळी कुठे आहे ते यंत्रानं शोधून खडूनं आखून घ्या, नाहीतर तपासणीतच सळी कापली जाते.

सगळ्यात बोलकी चाचणी सगळ्यात स्वस्त होती. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. सळीला गंजापासून वाचवणारी अल्कली जिथे शिल्लक आहे तिथे गुलाबी रंग येतो, जिथे संपली तिथे काहीच येत नाही. आमच्या तुळयांवर बाहेरून 30 ते 45 मिलीमीटरपर्यंत रंगच आला नाही, आणि सळीवरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, होतं जेमतेम 15 मिलीमीटर. म्हणजे सळ्या कधीच्याच उघड्या पडल्या होत्या, फक्त दिसत नव्हत्या. सळीचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली वाचन गेलं की गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांवर धरतात. आमच्याकडे तसं वाचन कुठे आलं ते नकाशावर मांडल्यावर खरी गोष्ट कळली: तुळयांच्या मधल्या भागात थोडं, आणि दगडी भिंतीत घुसलेल्या टोकांशी जवळजवळ सगळीकडे.

असं का, हे उलगडायला महिना गेला. काळा दगड पाणी जवळपास पीतच नाही. भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट असते ती दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांची, म्हणजे दर्जांची. केव्हातरी कोणीतरी 'मजबुतीसाठी' बाहेरून सगळ्या दर्जा सिमेंटनं बुजवल्या होत्या. वरून गच्चीचं पाणी भिंतीत उतरत होतं, बाहेरची वाट बंद, मग ते आत सरकायचं आणि पहिलं जे लोखंड भेटेल त्यावर बसायचं. ते लोखंड म्हणजे तुळईचं टोक. इमारत म्हातारी झाली म्हणून खचत नव्हती, मागच्या दुरुस्त्यांनी तिला आजारी पाडलं होतं.

त्या दुरुस्त्यांचं दुसरं रूप गच्चीवर होतं. गळती लागली की जुना कोबा (पाणी रोखण्याचा थर) न काढता वर नवा कोबा, असं किमान तीनदा झालेलं. आम्ही चार ठिकाणी खड्डा घेऊन जाडी मोजली: 24 सेंटिमीटर. चौरस मीटरला साधारण 430 किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर डिझाइनमध्ये जो चल भार धरतात तो 150 किलो. इथे त्याच्या जवळजवळ तिप्पट ओझं कायमचं बसलेलं. शिवाय मधल्या खणात, थेट स्लॅबवर, विटांची 10,000 लिटरची टाकी.

अहवालात वर्ग आला सी-2 अ, म्हणजे इमारत रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-1 म्हणजे पाडणे, तो टळला. 28 गाळे एकदम रिकामे करणं अशक्य होतं. अभियंत्यांनी टेकू लावून टप्प्याटप्प्यानं रिकामी करण्याचा लेखी क्रम दिला आणि तोच कागद पुढे प्रत्येक टेबलावर चालला. तोंडी 'चालेल' वर जाऊ नका.

परवानगीचा भाग. यादीतल्या इमारतीच्या कामाला महापालिका आयुक्तांची मंजुरी लागते आणि ती हेरिटेज समितीच्या सल्ल्यानं होते. प्रस्ताव नगररचना विभागाकडून जातो. आमचा प्रस्ताव 18 मार्च 2024 ला दाखल झाला, मंजुरी हातात पडली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. साडेपाच महिने. यातले किमान दोन आमच्याच चुकीनं गेले. आम्ही 'काय करणार' त्याचे नकाशे दिले होते, 'आज काय आहे' त्याचे दिलेच नव्हते. मूळ मंजूर नकाशा सापडला नाही, तेव्हा पूर्ण इमारत मोजून नकाशे काढावे लागले: प्रत्येक मजल्याचा आराखडा, चारही दर्शनी बाजू, दोन छेद, आणि दर्शनी बाजूंवर कुठे तडा, कुठे सिमेंट, कुठे झाड याची खुणांसकट नोंद. प्रत्येक खिडकीला क्रमांक आणि फोटो. हे काम संवर्धन वास्तुविशारदाकडूनच करून घ्या. आम्हाला त्यांची फी साडेसहा लाख पडली आणि ती वाया गेली असं एकदाही वाटलं नाही. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा, ऑडिट अहवाल, सगळ्या मालक-भाडेकरूंची संमती आणि इमारतीच्या इतिहासाची दोन पानी टिपण ही जोडणी पहिल्याच दिवशी फाइलला असू द्या.

अटी मुद्द्याच्या होत्या. दगडावर सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्यानं सफाई) नाही. खिडक्या सागवानीच, अॅल्युमिनियम नाही. एसीची बाहेरची युनिटं मागच्या बाजूला. पाट्या एका मापाच्या. आणि प्रवेशाच्या दालनातले दोन गोल खांब आहेत त्याच आकाराचे दिसले पाहिजेत. चुन्याच्या दर्जांचे तीन नमुने आधी भिंतीवर करून दाखवायचे, पसंत पडेल तोच पुढे. ही नमुन्याची अट आधी जाचक वाटली. प्रत्यक्षात तिचाच सर्वाधिक उपयोग झाला, कारण रंगाची आणि पोताची वादावादी एक मीटर चौरसात संपली.

मंजुरीची वाट पाहताना एक पावसाळा मध्ये येणार हे दिसत होतं. म्हणून मे 2024 मध्येच व्हरांडा आणि दोन मधल्या खणांना टेकू लावले आणि गच्चीवर ताडपत्री टाकली. धोका टाळण्यासाठी टेकू लावतोय असं पत्र तारखेसह दाखल करून ठेवलं. लोखंडी टेकू 240, भाडं नगाला महिन्याला 70 रुपये. काम संपेपर्यंत ते टेकू आमच्याकडेच राहिले. भाड्याची बेरीज केली तेव्हा वाटलं, सरळ विकत घेतले असते तर बरं झालं असतं.

गाळे रिकामे करताना बहुतेक इमारती मजल्याप्रमाणे जातात: आधी चौथा, मग तिसरा. हे चुकीचं आहे. वरच्या तुळईचा भार काढून घ्यायचा तर तिच्याखालचा टेकू खालच्या स्लॅबवर उभा राहतो, त्या स्लॅबखाली दुसरा टेकू लागतो, आणि असं जमिनीपर्यंत. म्हणजे एक खण दुरुस्त करायचा तर तो तळापासून गच्चीपर्यंत उभा रिकामा हवा. आम्ही एका वेळी दोन खण घेतले, तीन फेऱ्या झाल्या. रिकाम्या खणातली ऑफिसं इमारतीतच सरकवली, काही शाहूपुरीत भाड्यानं गेली. पागडीच्या भाडेकरूंची धास्ती रास्त होती: एकदा बाहेर गेलो की परत येऊ का? त्यावर उपाय एकच निघाला. गाळा सोडण्यापूर्वी चटईक्षेत्र दोघांच्या समोर मोजायचं, नकाशावर दोघांच्या सह्या, आणि भाडे नियंत्रण कायदा, 1999 खालचे हक्क आहेत तसे राहतील असा करार. हे झाल्यावर तीन आठवड्यांत पहिले दोन खण मोकळे झाले. त्याआधी चार महिने नुसत्या सभा चालल्या होत्या.

काम 11 नोव्हेंबर 2024 ला सुरू झालं. दिवाळीआधी सुरू करण्याचा आग्रह धरू नका, माणसं गावी जातात आणि अर्धवट फोडलेलं काम उघडं पडतं.

पहिलं काम गच्ची. कोबा फोडताना दोन पथ्यं. ब्रेकर यंत्र लावायचं नाही, छिन्नी-हातोडा किंवा हलकं हातयंत्र, कारण खालचा स्लॅब आधीच दुबळा. आणि फोडलेला माल गच्चीवर ढीग करून ठेवायचा नाही. हे सांगूनही दुसऱ्याच दिवशी एका खणात कमरेएवढा ढीग झाला. खालच्या मजल्यावर तड्यावर बसवलेली काचपट्टी तडकली तेव्हा लक्षात आलं. तड्यावर प्लॅस्टरच्या दोन टिकल्यांनी चिकटवलेली ही साधी काचेची पट्टी, तड्यानं केसभर हालचाल केली तरी फुटते. वीस रुपयांची वस्तू. आम्ही 34 लावल्या, प्रत्येकीवर तारीख घातली. त्या दिवसापासून माल पिशव्यांत भरून लगेच घसरगुंडीनं खाली. दोन्ही टोकांकडून सारखं सारखं काढत मधे आलो, एका बाजूचं ओझं एकदम हलकं होऊ दिलं नाही.

उतरलेला माल सुमारे 165 टन. टाकी गेली, पाण्यासकट 14 टन. नंतर नवा कोबा 8 सेंटिमीटरचा घातला, तो 56 टन. खांबांभोवती घातलेलं नवं काँक्रीट 39 टन. म्हणजे सगळी मजबुती करूनही इमारत आधीपेक्षा 80-एक टनांनी हलकी झाली. पाया वाढवावा लागला नाही तो यामुळे. दोन ठिकाणी खड्डे घेऊन पाहिलं होतं, पाया 2.4 मीटरवर कडक मुरमात होता. आणखी एक गोष्ट: भूकंपात इमारतीला बसणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, त्यातही माथ्यावरचं वजन जास्त नडतं. आमचं डिझाइन भूकंपक्षेत्र 3 धरून झालं. 1967 चा कोयनेचा भूकंप इथल्या जुन्या माणसांना अजून आठवतो, त्यामुळे हा मुद्दा सभेत पटवून द्यावा लागला नाही.

आता काँक्रीट. बोद, म्हणजे पोकळ, आवाज येईल तिथपर्यंत टाचायचं (छिन्नीनं फोडून काढायचं) हा नियम अपुरा आहे. सळीच्या मागे 20 ते 25 मिलीमीटर मोकळी जागा होईपर्यंत टाचायचं, म्हणजे सळीला बोटं घालून वेढा देता आला पाहिजे. अर्धी सळी जुन्या काँक्रीटमध्ये आणि अर्धी नव्यात राहिली की गंज पुन्हा सुरू. मग तारेच्या ब्रशनं सळी चकचकीत करून व्हर्नियरनं मोजायची. मूळच्या सळ्या गुळगुळीत, पाऊण इंची, म्हणजे 19 मिलीमीटर. भिंतीतल्या टोकांशी काही 15 वर आल्या होत्या. ऐकायला चारच मिलीमीटर, पण क्षेत्रफळात 38 टक्के गेलं. एका टोकाला तर मिस्त्रींनी सळीवर नख फिरवलं आणि पापुद्रे हातात आले. "साहेब, ह्यात लोखान कमी आन् तपकीर जास्त ऱ्हायलीया," म्हणाले. क्षेत्रफळाची घट 20 टक्क्यांच्या वर असेल तिथे जोडसळी घातली. जुन्या सळीला वेल्डिंग करू दिलं नाही. ते पोलाद कोणत्या प्रतीचं हे माहीत नसताना वेल्ड ठिसूळ होऊ शकतो. नवी सळी जुनीच्या शेजारी पुरेशी लांबी (लॅप) घेऊन किंवा भोकात इपॉक्सीनं बसवून.

त्यानंतर सळीला जस्ताचा प्रायमर, काँक्रीटला बाँड कोट (नवं जुन्याला धरून ठेवणारा लेप), आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. एका थरात 10 ते 12 मिलीमीटर, त्याहून जाड थापलं की लोंबतं. 50 मिलीमीटरपेक्षा जास्त खोल असेल तिथे साचा लावून मायक्रोकाँक्रीट (पाणी घालून ओतायचं तयार बारीक काँक्रीट). इथे एक चूक जवळपास सगळीकडे होते. पॅच सुंदर होतो आणि दोन वर्षांनी पॅचच्या कडेला, आधी चांगल्या असलेल्या जागी कव्हर सुटतं. नव्या, अल्कलीयुक्त मॉर्टरमधली सळी सुरक्षित होते आणि तिच्या शेजारची जुन्या काँक्रीटमधली सळी तिच्या वाट्याचा गंजही ओढून घेते. त्यासाठी मोठ्या पॅचच्या कडेनं सळीला जस्ताचे छोटे अॅनोड बांधले, ते सळीऐवजी स्वतः झिजतात. नग महाग पडतो, म्हणून फक्त तुळयांच्या टोकांशी वापरले.

भिंतीतली टोकं उघडताना एक आड एक, कधीच शेजारच्या दोन नाहीत. दगड काढून कोनाडा केला, टोक दुरुस्त केलं, खाली बैठकीची पट्टी, आणि भोवती मोकळी जागा ठेवून परत चुन्यातच बांधलं. सिमेंटनं ठासून बंद केलं असतं तर मूळ आजार परत पेरल्यासारखं झालं असतं.

खांब: तळमजल्याचे आठ, पहिल्या आणि दुसऱ्याचे दहा-दहा. 300 बाय 300 चे 500 बाय 500 झाले, चारही बाजूंनी 100 मिलीमीटर. आयएस 15988 हे भारतीय मानक जॅकेटची, म्हणजे खांबाभोवतीच्या नव्या काँक्रीटच्या वेढ्याची, जाडी याहून कमी चालवून घेत नाही आणि नवं काँक्रीट जुन्यापेक्षा किमान 5 न्यूटननं सरस हवं म्हणते. जॅकेट पायापासून सुरू होऊन स्लॅबला भोकं पाडून सलग वर गेलं पाहिजे. मजल्यामजल्याला तुटक जॅकेट म्हणजे खांबाला नुसता कोट चढवणं. आणि जॅकेटपूर्वी टेकूंना जॅक देऊन खांबाचा भार हलका करायचा, नाहीतर जुना भार जुन्याच खांबावर राहतो, नवं काँक्रीट फक्त पुढच्या ओझ्याची वाट पाहत उभं राहतं. मायक्रोकाँक्रीटला पाणी मोजूनच, पिशवीवर लिहिलंय तेवढं. पातळ केलं की लवकर वाहतं म्हणून कामगार पाणी वाढवतात. आम्ही मापाची बादली रंगवून ठेवली आणि नळाचा पाइपच काढून घेतला. साच्याच्या सांध्यांना फोम पट्टी, ओतणं एकाच बाजूनं, खंड न पाडता. एका खांबाला करासह साधारण 72,000 रुपये पडले.

दालनातल्या दोन गोल खांबांना कार्बन फायबरचं वेष्टन केलं. गोल आकाराला ते उत्तम काम देतं, चौकोनी खांबाला कोपरे गोलवूनही तितकं नाही. जाडी काही मिलीमीटरच वाढते, वरून गिलावा केला की पूर्वीसारखाच खांब. इपॉक्सी आगीत टिकत नाही, म्हणून गिलावा केवळ देखाव्याचा नाही हे लक्षात असू द्या.

मे 2025 नं सगळ्यांची झोप उडवली. गच्चीचा कोबा सहापैकी चार खणांत झाला होता, शेवटच्या दोनांना जूनचा पहिला आठवडा धरला होता. त्या वर्षी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच पावसानं गाठलं. उघड्या दोन खणांवर पाइपचा सांगाडा करून ताडपत्री टाकली, तरी तिसऱ्या फेरीतल्या एका ताज्या पॅचमध्ये पाणी उतरलं आणि तो पूर्ण काढावा लागला. कोल्हापुरात पाण्याशी संबंधित काहीही 15 मेच्या आत संपवायचं, हे वेळापत्रकात तांबड्या शाईनं लिहा.

पुराचंही एक वेगळं पान ठेवलं होतं. 2019 आणि 2021 ला या भागात पाणी शिरलेलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की सिमेंट, मायक्रोकाँक्रीट आणि यंत्रं पहिल्या मजल्यावर, 43 च्या धोका पातळीला काम बंद आणि वीज तोडायची, असं कंत्राटातच घातलं. मीटरचा फलक जिन्याखालून उचलून पहिल्या मजल्याच्या चौकात नेला. महावितरणच्या अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा तपासणी अहवाल लागतो, तो आधी करून ठेवा.

दगडाचं काम पावसानंतर, ऑक्टोबर 2025 पासून. सिमेंटच्या दर्जा काढणं हेच निम्मं काम. छिन्नीनं हळूहळू, दर्जाच्या रुंदीच्या दुप्पट खोल. एका दुपारी कोणीतरी घाई करून ग्राइंडर फिरवला. पश्चिमेच्या भिंतीवर तीन मीटर लांब दगडांच्या कडा कापल्या गेल्या आणि त्या आता कायमच्या तशाच राहणार. त्यानंतर ग्राइंडर आवारातच येऊ दिला नाही. कठड्यातल्या पिंपळाचं मूळ ओढून काढायचं नाही, भिंत सोबत येते. खोड कापून, छिद्रात औषध घालून ते मरू दिलं आणि मगच कठड्याचे दगड क्रमांक घालून उतरवले आणि परत बसवले.

चुना विरवून तीन आठवडे मुरवलेला. प्रमाण एक चुना, एक सुर्खी (भाजक्या विटांची पूड), दोन वाळू. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, त्याला कोरडेपणा आणि वेळ लागतो. सुर्खीमुळे तो ओलीतही धरतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे आणि गुळाच्या गावात ती सुचवणारे पुष्कळ भेटले. एका नमुन्यात घालून पाहिलं. लगदा लोण्यासारखा झाला खरा, पण चवीपुरता हवा होता तिथे जास्त पडला, जमायला वेळ लागला आणि मुंग्याही आल्या. पसंत पडला तो गुळाशिवायचा. लगदा तयार झाला कसं ओळखायचं, असं पाथरवट काकांना विचारलं. त्यांनी थापीवर गोळा घेऊन थापी उलटी धरली. "आसा धरला तर पडला न्हाई पायजे, आन् झटकला तर थापीला ऱ्हायला न्हाई पायजे." दर्जा भरण्याआधी भिंत आदल्या संध्याकाळी भिजवायची, भरल्यावर दहा दिवस ओली गोणपाटं. पश्चिमेच्या भिंतीचं काम सकाळी, पूर्वेचं दुपारनंतर, म्हणजे ताज्या चुन्यावर थेट ऊन येत नाही. दगड साध्या पाण्यानं आणि नायलॉनच्या ब्रशनं धुतले.

खिडक्यांची गोष्ट सोपी निघाली. 64 पैकी 22 चा खालचा भाग कुजला होता, तेवढाच कापून जुन्या सागवानाचा सांधा केला.

पैसे. अंदाज 1 कोटी 42 लाखांचा, खर्च 1 कोटी 86 लाख, जीएसटी आणि बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर धरून. वाढ 31 टक्के, आणि तिचं एक कारण हे: कव्हर दुरुस्ती 3,800 चौरस फूट धरली होती, टाचल्यावर 5,900 निघाली. जुन्या इमारतीत एकरकमी कंत्राट देऊ नका. आकडा फुगलेला असतो, नाहीतर टाचणं कमी होतं. बाबनिहाय दर ठरवा आणि रोज संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसासोबत खडूनं चौकट आखून, मापाची पट्टी लावून फोटो घ्या. गिलावा झाल्यावर सगळे वाद आंधळे असतात. पॉलिमर मॉर्टरचा आमचा दर 25 मिलीमीटर जाडीला चौरस फुटास 310 रुपये होता. वर्गणी चटईक्षेत्राप्रमाणे घेतली आणि सुरुवातीलाच तीस टक्के जादा सांगून ठेवली होती. त्यावर आरडाओरडा झाला, पण नंतर हात पसरायची वेळ आली नाही. बिलातून पाच टक्के रक्कम दोन पावसाळे होईपर्यंत राखून ठेवली आहे.

स्थैर्य प्रमाणपत्र फेब्रुवारीत मिळालं, त्यासोबत काम झाल्यानंतरचे नकाशे आणि प्रत्येक खांबाची फोटोंची फाइल दिली. 34 काचपट्ट्यांपैकी फुटलेली बदलून सगळ्या जागच्या जागी ठेवल्यात, दर पौर्णिमेला कोणीतरी फेरी मारून वहीत नोंद करतं. पश्चिमेच्या भिंतीवर, पावसाच्या पाइपाखाली, दोन ठिकाणी दर्जांना केसासारखे तडे दिसताहेत. तेवढ्यासाठी मुरवलेल्या चुन्याचे दोन पिंप जिन्याखाली ठेवलेत, वर चार बोटं पाणी राहील असे. एप्रिलमध्ये काका येणार आहेत.